ताबा आणि मालकी : उपकरणांच्या दोन दप्तरांचा मेळ

कोणत्याही मोठ्या कचेरीत आज एकाच मोबाइलची किंवा लॅपटॉपची नोंद निदान दोन दप्तरांत असते. पहिले दप्तर मालमत्तेचे. त्यातली नोंद खरेदीच्या बिलापासून सुरू होते आणि निर्लेखनाच्या आदेशापाशी संपते. यंत्र कोणाकडून व कितीला घेतले, हमीची मुदत केव्हा सरते, ते कोणत्या खात्याच्या खर्ची पडले आणि कोणाच्या सहीने कोणाच्या हाती गेले, हा तिचा मजकूर. दुसरे दप्तर एमडीएमचे, म्हणजे दूर बसून मोबाइल, टॅब्लेट व लॅपटॉप यांच्यावर हुकमत चालवणाऱ्या प्रणालीचे. त्यातला मजकूर बहुतांशी यंत्र स्वतःच पुरवते: आपल्यावर कार्यप्रणालीची कोणती आवृत्ती आहे, साठवणुकीची जागा किती उरली, पासकोड लावलेला आहे की नाही, आणि आपण शेवटचे केव्हा बोललो. ही दोन दप्तरे परस्परांना जोडावीत, म्हणजे एकात झालेला बदल दुसऱ्यात आपोआप उतरेल आणि कारकुनाचे दुहेरी लिहिणे वाचेल, ही कल्पना इतकी सयुक्तिक वाटते की तिच्याविषयी शंका काढणारा माणूस आळशी किंवा जुनाट ठरतो. परंतु हा उद्योग करताना संस्था जिथे फसतात ते ठिकाण क्वचितच तांत्रिक असते. माहिती इकडून तिकडे नेणे आता सोपे झाले आहे. कोणत्या गोष्टीबाबत कोणाची साक्ष ग्राह्य धरायची, हा मूळ निवाडा मात्र कोणी केलेलाच नसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा भेद फार फोड करून सांगण्याची गरज नाही. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची हे लिहिलेले असते, नमुना बारामध्ये तिच्यात यंदा काय उभे आहे हे असते. दोन्ही एकाच उताऱ्यावर येतात म्हणून त्यांना जोडनाव पडले, पण पहिल्यात बदल व्हायचा तर फेरफार मंजूर व्हावा लागतो आणि दुसरा हंगामागणिक शेतात पाहून भरावा लागतो. बांधावरून ज्वारी दिसली म्हणून कोणी खातेदार बदलत नाही. मालमत्तेचे दप्तर सातच्या जातीचे आहे आणि एमडीएम बाराच्या; त्यांची सांगड घालताना या दोन जाती एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, एवढे पथ्य ज्याने पाळले त्याचे अर्धे काम झाले.

दोहोंची कुळेही निराळी आहेत. मालमत्तेच्या दप्तराचे मूळ लेखाशाखेत आहे. सरकारी कचेऱ्यांतली जडवस्तू संग्रह नोंदवही ही त्याची थेट पूर्वज. ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयटिल नावाची जी ग्रंथमाला सुरू केली, तिच्या परंपरेतून सीएमडीबीची कल्पना रूढ झाली, म्हणजे यंत्रांसोबत त्यांचे परस्परसंबंधही नोंदवणारे कोठार; आणि सर्व्हिसनाऊसारख्या व्यवस्थांनी पुढे तिचा व्यापार केला. एमडीएमचा वंश सुरक्षेचा. अमेरिकेत २००२ साली सुरू झालेली जॅम्फ ही प्रणाली आधी मॅक संगणकांपुरती होती. अ‍ॅपलने स्वतःचा एमडीएम शिष्टाचार २०१०मध्ये आयओएस ४बरोबर आणला. मायक्रोसॉफ्टचे इन्ट्यून २०११मध्ये आले आणि अँड्रॉइडची कार्यालयीन व्यवस्था २०१५मध्ये. चेन्नईत मूळ असलेल्या झोहोच्या मॅनेजइंजिनने तर एमडीएम आणि मालमत्ता-नोंद अशी दोन्ही दुकाने एकाच छताखाली मांडली. पण लेखाशाखेने सुरक्षेच्या माणसाला विचारून आपले रकाने आखले नव्हते, आणि उलटही नव्हते. म्हणून आज दोन्हीकडे ‘स्थिती’ नावाचा रकाना असतो आणि एकात त्याचा अर्थ ‘वापरात, गोदामात की निर्लेखित’ असा, तर दुसऱ्यात ‘नियमांशी सुसंगत की विसंगत’ असा असतो. नावे जुळली म्हणून रकाने जोडणाऱ्या उत्साही तंत्रज्ञाने एकदा हे दोन स्तंभ समोरासमोर ठेवून वाचावेत.

एमडीएमची साक्ष नेमकी कोणत्या प्रतीची असते हेही नीट पाहिले पाहिजे, कारण या प्रश्नातले पुष्कळ गैरसमज तिथूनच निघतात. सर्व्हर यंत्रात डोकावतो अशी सामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात अ‍ॅपलच्या पद्धतीत सर्व्हर अ‍ॅपलच्या पुश सेवेमार्फत यंत्राला नुसती जाग आणतो. मग यंत्र आपल्या सवडीने, म्हणजे चालू असेल, जाळ्यात असेल तेव्हा, सर्व्हरशी संपर्क साधते, काही हुकूम आहे का विचारते आणि विचारलेल्या माहितीचे उत्तर देते. २०२१पासून आलेल्या घोषणात्मक पद्धतीत यंत्र काही बदल आपण होऊनही कळवते, पण बोलणारे तोंड यंत्राचेच. इन्ट्यूनमध्ये स्थिरावलेले यंत्र साधारण आठ तासांनी हजेरी देते. तेव्हा एमडीएममधली प्रत्येक ओळ ही अमुक वेळी यंत्राने दिलेली जबानी आहे, आणि तारीख वगळून जबानी मालमत्तेच्या दप्तरात उतरवली तर तिचे पुराव्याचे मोल जाते. ‘शेवटचा संपर्क’ हा रकाना ज्या जोडणीत बरोबर आणलेला नाही, ती जोडणी मी तरी अपुरी समजेन. या वेळा जागतिक प्रमाणवेळेत येतात, हेही विसरले जाते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत बोललेले यंत्र आदल्या दिवसाच्या खाती पडते, आणि रात्रपाळीच्या कचेरीत त्यावरून नसते वाद उभे राहतात.

जोडण्याचे मार्ग चार आहेत आणि त्यांच्याविषयी लोक वाजवीपेक्षा अधिक बोलतात. एमडीएममधून यादी उतरवून ती दुसरीकडे चढवणे हा सर्वांत साधा. तयार कनेक्टर विकत घेणे हा सर्वांत आकर्षक. एपीआयमार्फत स्वतः आज्ञावली लिहिणे हा सर्वांत लवचिक. आणि दोहोंच्या मधे तिसरेच कोठार ठेवून तिथे सर्व साक्षी एकत्र मांडणे, ज्या मार्गाने मोठ्या संस्था अलीकडे जात आहेत, हा सर्वांत खर्चिक. स्नाइप-आयटी किंवा जीएलपीआय यांसारख्या मुक्तस्रोत व्यवस्था वापरणाऱ्यांना तिसरा मार्ग बहुधा परवडतो. तयार कनेक्टरची एक अडचण विक्रेते सांगत नाहीत: या धंद्यात घराणी आणि नावे फार लवकर बदलतात. एअरवॉच हे एमडीएम २०१४मध्ये व्हीएमवेअरकडे गेले, व्हीएमवेअर २०२३मध्ये ब्रॉडकॉमकडे, आणि २०२४मध्ये तोच विभाग ऑम्निसा या नावाने निराळा निघाला. माइंडव्हिलचे इनसाइट हे मालमत्ता-नोंदीचे साधन २०२०मध्ये अ‍ॅटलासियनने घेतले आणि पुढे त्याचे नुसते ‘अ‍ॅसेट्स’ झाले. लॅपटॉप जितका टिकतो तितके त्याच्या नोंदीचे पाणंद-रस्ते टिकत नाहीत.

एपीआयच्या मार्गावरचे खड्डे बहुतेक ठाऊक झालेले आहेत. सर्व्हर एका वेळी ठरावीक संख्येच्याच नोंदी देतो आणि पुढचे पान मागण्याचा पत्ता शेवटी जोडतो. तो पत्ता न वाचणारी आज्ञावली पहिल्या पानावर समाधान मानते आणि मालमत्तेच्या दप्तरात उपकरणांची संख्या नेमकी, गोल, हजार भरते. इतका गोल आकडा दिसला की संशय घ्यावा. फार वेगाने विचारल्यास सर्व्हर ४२९ क्रमांकाचे उत्तर देऊन थांबायला सांगतो, आणि परवान्याच्या गुप्त किल्लीची मुदत संपताच जोडणी मुकाट बंद पडते. मुकाट बंद पडणे हा त्यातला वाईट भाग; कालचेच आकडे आजही दिसत राहतात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

खरी मेहनत ओळखीत आहे. दोन दप्तरांतल्या दोन ओळी एकाच यंत्राविषयी आहेत हे कशावरून ठरवायचे? यंत्राचे नाव कोणीही बदलते. मॅक पत्त्यावर पूर्वी भरवसा असे, पण अँड्रॉइड १०पासून आणि आयओएस १४पासून मोबाइल प्रत्येक वायफायसाठी बनावट पत्ता धारण करू लागले. उरतो सिरियल नंबर, आणि मोबाइलच्या बाबतीत आयएमईआय. सिरियल नंबराविषयी सर्वांचा समज असा की तो कारखान्यात कोरला गेला म्हणजे निर्विवाद झाला. गोदामात मात्र काय घडते पाहा. माल उतरवून घेणारा कारकून हातातल्या यंत्राने खोक्यावरचा बारकोड वाचतो. अ‍ॅपलच्या खोक्यावर त्या पट्ट्यांत सिरियल नंबराच्या आधी ‘एस’ हे अक्षर दडलेले असते, तेही त्याबरोबर दप्तरात उतरते, आणि यंत्र स्वतःचा नंबर सांगताना तो एस सांगत नाही. परिणामी एकाच आयपॅडच्या दोन ओळी तयार होतात: एक बिल असलेली पण कधीच न बोललेली, दुसरी रोज बोलणारी पण बिल नसलेली. आकड्यांच्या तक्त्यात आयएमईआयची गत याहून वाईट. पंधरा अंकांची ही संख्या तक्त्याने संख्या म्हणूनच घेतली की रकान्यात ‘३.५६ई+१४’ असे काहीतरी दिसते, आणि तो तक्ता त्याच अवस्थेत स्वल्पविरामी यादी म्हणून जतन झाला की उरलेले अंक कायमचे गेले. शेकडो फोन एकाच ‘आयएमईआय’चे होऊन बसतात. त्या पंधरा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून गणिताने निघतो, म्हणून नोंद घेतानाच ताळा पाहणे अगदी सोपे आहे. पण हा ताळा पाहणारी दप्तरे विरळा. दोन सिमचा फोन दोन आयएमईआय बाळगतो ही आणखी एक गोम. खरेदीच्या बिलावर पहिला आणि एमडीएममध्ये दुसरा असे झाले तर जुळणी चुकते.

जुळवून बांधलेल्या संगणकांत सिरियल नंबराच्या जागी ‘टु बी फिल्ड बाय ओईएम’ हे वाक्यच सापडते, कारण ते भरण्याचे कष्ट जोडणाऱ्याने घेतलेले नसतात. अशी वीस यंत्रे असली तर जोडणी त्यांना एकच समजते आणि दर फेरीला एकाची माहिती दुसऱ्यावर लिहीत जाते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला आणि जुना नंबर नव्यावर चढवला गेला नाही, तर तेच यंत्र नव्या नावाने अवतरते. म्हणून जाणकार संस्था एका किल्लीवर विसंबत नाहीत. अनुक्रम ठरवतात: आधी सिरियल नंबर, तो अशा पोकळ नंबरांच्या निषिद्ध यादीतला असेल तर आयएमईआय, तोही नसेल तर नोंद माणसापुढे ठेवायची. सर्व्हिसनाऊमध्ये या कामाला स्वतंत्र ओळख-आणि-मेळ यंत्रणाच आहे. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी निषिद्ध नंबरांची छोटी यादी हाताने ठेवली तरी पुष्कळ साधते.

ओळख पटली की अधिकाराचा प्रश्न. कार्यप्रणालीची आवृत्ती, साठवणूक, कूटबद्धतेची अवस्था यांबाबत एमडीएमचा शब्द अखेरचा. मालमत्तेच्या दप्तरात हे रकाने कोणाला हाताने बदलता येऊच नयेत. किंमत, हमी, खर्चाचे खाते, निर्लेखन यांबाबत उलट. या दोन टोकांविषयी कोणाचा मतभेद नाही. भांडण होते ते वापरकर्त्याच्या नावावर, कारण तिथे दोन्ही दप्तरे खरे बोलत असतात. दप्तर म्हणते, यंत्र अमुक अधिकाऱ्याच्या ताब्यात सहीनिशी दिले. एमडीएम म्हणते, त्यावर तमुक कनिष्ठाने प्रवेश केला आहे. सहीची जबाबदारी आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन निराळ्या बाबी आहेत, त्यांना दोन रकाने हवेत, आणि त्यांत महिनाभर तफावत राहिली तर ती वरिष्ठांपुढे गेली पाहिजे. जे लोक एमडीएमचे नाव थेट ताबेदाराच्या रकान्यात ओततात ते पावतीचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसतात. पुढे यंत्र हरवले की वसुली कोणाकडून करायची याला उत्तर राहत नाही.

मौनाचा अर्थ लावणे त्याहून नाजूक. एखादे यंत्र एमडीएममधून नाहीसे होते ते अनेक कारणांनी: पुसले गेले, नोंदणीतून काढले, वापरणाऱ्याने व्यवस्थापनाची फाइल उडवली, किंवा बराच काळ न बोललेल्या नोंदी झाडणाऱ्या स्वयंचलित नियमात सापडले. यांपैकी कशानेही यंत्र कपाटातून हलत नाही. तरी ‘तिकडे नाही म्हणून इकडूनही काढा’ असा नियम घातलेल्या जोडण्या असतात आणि त्यांच्यामुळे मालमत्ता कागदावर आपोआप नष्ट होते. अ‍ॅपलच्या पुश सेवेचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे लागते, आणि तेही ज्या खात्यातून ते पहिल्यांदा काढले त्याच खात्यातून. ते खाते ज्या कर्मचाऱ्याच्या नावे काढले तो नोकरी सोडून गेला आणि प्रमाणपत्र सरले, तर संस्थेची सगळी अ‍ॅपल यंत्रे सर्व्हरपुरती एकदम मुकी होतात. यंत्रे चालू असतात, माणसे काम करीत असतात. आणि ‘तीस दिवस मौन म्हणजे गहाळ’ हा नियम महिन्याभराने साऱ्या साठ्याला गहाळ ठरवतो. एका यंत्राचे मौन ही त्या यंत्राची बातमी असते, सर्वांचे मौन ही जोडणीची. एका फेरीत अमुक टक्क्यांहून अधिक नोंदींची स्थिती बदलू पाहत असेल तर फेरीच थांबवावी, हा बंधारा प्रत्येक जोडणीत असला पाहिजे आणि तो बांधायला तासाभराचेही काम नाही.

आता उलट्या प्रवाहाचे. मालमत्तेच्या दप्तरात ‘हरवले’ असे लिहिताच एमडीएमने यंत्राला कुलूप घालावे, ‘निर्लेखित’ लिहिताच पुसून टाकावे, ही सोय प्रात्यक्षिकात फार खुलून दिसते. माझे मत तिच्याविरुद्ध आहे. एकाच वेळी हजारो यंत्रांवर हुकूम चालवण्याचे सामर्थ्य चुकीच्या हाती किंवा चुकीच्या नियमाच्या हाती गेल्यास काय होते याची उदाहरणे जगजाहीर आहेत. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मे २०१४मध्ये यंत्र-व्यवस्थापनाच्या प्रणालीतून विंडोज ७ बसवण्याचा हुकूम चुकून सर्वांना गेला आणि संगणकांसोबत सर्व्हरही पुसले गेले. सिंगापुरात ऑगस्ट २०२४मध्ये मोबाइल गार्डियन या एमडीएमवर बाहेरून हल्ला झाला आणि २६ माध्यमिक शाळांतल्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांच्या यंत्रांतला मजकूर दुरून पुसला गेला. परीक्षेच्या तयारीच्या टिपणांसकट. या दोन्ही प्रसंगांत मालमत्तेच्या दप्तराचा काही दोष नव्हता, पण त्या दप्तरातली एक चुकीची आयात एमडीएमचे शस्त्र उचलू शकेल अशी वाट आपणच का बांधावी? कुलूप घालायचे ते घाला, कारण ते काढता येते. पुसण्याचा हुकूम माणसाच्या मंजुरीशिवाय सुटू नये. त्याच न्यायाने माहिती आणणाऱ्या जोडणीला दिलेले एमडीएमचे खाते फक्त वाचू शकणारे असावे. पुष्कळ ठिकाणी ते प्रशासकाचे असते, कारण पहिल्या दिवशी तेवढेच चालले.

काय आणू नये, याचाही विचार हवा. एमडीएमला यंत्राचा ठावठिकाणा, त्यावरल्या अ‍ॅपची यादी, दूरध्वनी क्रमांक ठाऊक असू शकतात, आणि मालमत्तेचे दप्तर वाचणारे डोळे एमडीएमपेक्षा कितीतरी अधिक असतात: भांडार, लेखा, हेल्पडेस्क, बाहेरचे लेखापरीक्षक. कोणाच्या फोनवर कोणत्या आजाराचे अ‍ॅप आहे हे भांडारपालाला कळण्याचे काहीच कारण नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३नंतर तर ते कायद्याच्या दृष्टीनेही महागात पडू शकते. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनबाबत निर्मात्यांनीच दार लावून घेतले आहे. आयओएस १३पासून वापरकर्ता-नोंदणीत आणि अँड्रॉइड १२पासून खासगी फोनवरच्या कार्यप्रोफाइलमध्ये एमडीएमला खरा सिरियल नंबर व आयएमईआय मिळतच नाही, त्या नोंदणीपुरती निराळी खूण मिळते. अशी यंत्रे संस्थेची मालमत्ता नव्हेतच. त्यांना मालमत्तेच्या तक्त्यात बसवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी निराळी सूची करावी.

लेखापरीक्षणाच्या बाजूने या जोडणीला भारतात चांगले बळ आहे. कंपनीने स्थावर-जंगम मत्तेची परिमाण व ठिकाणासह पूर्ण नोंद ठेवली आहे का आणि वाजवी अंतराने प्रत्यक्ष पडताळणी होते का, हे तिच्या लेखापरीक्षकाने २०२०च्या कारो आदेशानुसार कळवायचे असते. तर कंपनी कायदा २०१३ची दुसरी अनुसूची लॅपटॉप-डेस्कटॉपचे आयुष्य तीन वर्षे धरते. चौथ्या वर्षी पुस्तकात जवळजवळ शून्य किमतीचे झालेले यंत्र एमडीएममध्ये रोज सकाळी हजेरी लावत असते, आणि त्याच्यावर संस्थेचा गोपनीय मजकूर असतो. लेखाशाखेचे त्यातले लक्ष उडते तेव्हाच सुरक्षेच्या दृष्टीने ते सर्वांत धोक्याचे होते. एमडीएमची हजेरी प्रत्यक्ष पडताळणीला पर्याय ठरेल का? माझ्या मते मोबाइल-लॅपटॉपपुरती ती उत्तम आधार ठरते, पण न बोलणारी यंत्रे, चार्जर, डॉक, पडदे यांच्यासाठी कपाट उघडावेच लागते.

या सगळ्यात माणसाच्या हस्तांतराची नोंद कशी निसटते ते एका परिचित घटनेवरून पाहता येईल. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी पोषण अभियानात मिळालेले मोबाइल सामूहिकरीत्या सरकारला परत केले; दोन जीबी स्मृतीचे फोन तापतात, अडकतात, आणि पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. परत दिलेले फोन टेबलावर ढिगाने पडलेले असताना कोणतीही एमडीएम प्रणाली फक्त मौन नोंदवील. ताबा बदलला हे पोचपावतीवरूनच कळणार, आणि ती पावती फाडणारा हात मालमत्तेच्या दप्तराचा असतो. पावती फाडली नाही तर पुढली कित्येक वर्षे तो फोन सेविकेच्याच नावावर दिसत राहील, आणि तगादाही तिलाच लागेल.

तेव्हा जोडणीचे फळ कोणते? दोन्ही तक्ते तंतोतंत सारखे झाले हे फळ मानणाऱ्यांशी माझे जमत नाही, कारण एकाने दुसऱ्यावर लिहून टाकले की ते कोणत्याही दिवशी सारखे होतात. तफावतीची यादी हेच फळ. बिल आहे पण कधीच बोलले नाही, असे यंत्र बहुधा बंद खोक्यात किंवा कोणाच्या घरी आहे; बोलते पण बिल नाही, असे यंत्र परस्पर खरेदीचे, देणगीचे किंवा नंबर चुकलेले; निर्लेखित झाले पण अजून बोलते, असे यंत्र भंगारवाल्याकडून कोणाच्या तरी हाती गेलेले, आणि हा तिसरा प्रकार संख्येने थोडा असला तरी त्याच दिवशी पाहायचा असतो. शंभर-दीडशे उपकरणांच्या संस्थेला यासाठी कनेक्टर विकत घेण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा दोन याद्या सिरियल नंबरावर जुळवल्या की काम भागते. हजारोंचा साठा असेल तर आधी नंबरांची साफसफाई, मग निदान तीन महिने फक्त वाचणारी, कुठेही न लिहिणारी जोडणी, आणि त्या काळातली यादी पाहून रकाना-रकान्याचा अधिकार ठरवून मग लिहिण्याची परवानगी, हा क्रम मी सुचवीन. यादी वाचून निकाली काढणाऱ्या कारकुनाचे नाव मात्र पहिल्याच दिवशी आदेशात असावे, आणि तो रजेवर गेला तर बदली कोण, हेही.